प्रक्रिया सुधारणा : हितसंबंधी कोण आणि गटात कोणाचं काम काय? (शाळेतल्या एका घंटेच्या उदाहरणासह)



आजचा पाठ तसा व्यवस्थापनाच्या पुस्तकातला आहे. अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. पण मला तो पुस्तकातून नीट कळला नव्हता. वैभववाडी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत असताना एका साध्या घंटेने तो शिकवला. म्हणून आधी घंटेची गोष्ट सांगते, मग संकल्पना पाहू, आणि शेवटी वर्गात करून घेण्यासाठी एक उपक्रम देते.

१. गोष्ट : उशिरा येणारी अकरा मुलं

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने दहावीसाठी संध्याकाळी जादा तास सुरू केला. हेतू चांगला होता. तो तास बसावा म्हणून सकाळची घंटा वीस मिनिटं अलीकडे घेतली. परिपाठ आधी १०.४० ला व्हायचा तो १०.२० ला होऊ लागला, आणि पहिला तास ११ ऐवजी १०.४० ला. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता पंधरा मिनिटांत हा निर्णय झाला. मीही मान डोलावली होती.

महिनाभरात उशिरा येणाऱ्यांची वही भरू लागली. नावं बहुतेक तीच. लांबच्या दोन वाड्यांमधली अकरा मुलं. आम्ही त्यांना काय केलं? जे बहुतेक शाळा करतात तेच. दारात उभं केलं, वहीत सही घेतली, पालकांना चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, "पाल्याला आधीच्या गाडीने पाठवावे."

त्यातली नववीतली एक मुलगी हळूहळू शाळेला कमी येऊ लागली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन. अभ्यासात बरी होती. पहिला तास गणिताचा, आणि गणितातच ती मागे पडायला लागली. एक दिवस तिची आई शाळेत आली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, रोज दारात उभा ऱ्हवण्यापेक्षा घराकडे ऱ्हवलेला बरा, असा म्हणता ता. माका पण पटता." नववीतून सुटलेली मुलगी परत शाळेत येणं किती कठीण असतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. मुख्याध्यापक सर, गणिताचे सर आणि मी, अशी तिघांची समिती झाली. आमचा पहिला उपाय होता, आगाराला पत्र लिहून गाडी लवकर सोडायला सांगणं. पत्राचा मसुदाही झाला. तो फळ्यावर वाचून दाखवला तेव्हा सातवीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, गाडी येळारच येता. तुमची घंटाच आधी वाजता."

वर्गात हशा पिकला, पण मी तो मसुदा बाजूला ठेवला. कारण त्या मुलाला जे माहीत होतं ते आमच्या तिघांच्या समितीत कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिघेही दुचाकीने शाळेत येत होतो!

२. प्रक्रिया म्हणजे काय, सुधारणा म्हणजे काय?

एखादं काम रोज त्याच क्रमाने घडत असेल तर ती प्रक्रिया. मुलाने घरातून निघणं, तिठ्यावर उतरणं, चालत शाळेत येणं, परिपाठ, हजेरी ही एक प्रक्रिया आहे. शालेय पोषण आहार शिजवणं आणि वाढणं ही दुसरी. दाखला मागणं आणि मिळणं ही तिसरी.

प्रक्रियेत दोष असेल तर आपला पहिला कल माणसाला दोष देण्याकडे असतो. "मुलं आळशी", "पालक बेफिकीर", "कारकून कामचुकार". प्रक्रिया सुधारणेचं शास्त्र म्हणतं, थांबा, आधी कामाचा क्रम तपासा. चांगली माणसंही वाईट रचनेत अडकली की चुकीचीच दिसतात.

हे शास्त्र कारखान्यांत वाढलं. जपानमध्ये १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने गुणवत्ता मंडळं सुरू झाली. यंत्रावर काम करणारे कामगारच एकत्र बसून आपल्या कामातले दोष शोधायचे. भारतात १९८० च्या सुमारास 'भेल'च्या हैदराबादजवळच्या कारखान्यात अशी मंडळं सुरू झाली. अमेरिकेत १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीने 'सिक्स सिग्मा' ही पद्धत आणली. तिच्यातल्या पाच पायऱ्या आपल्या भाषेत अशा :

- ठरवा : नेमकी अडचण काय, कोणाची?
- मोजा : ती किती वेळा, केव्हा, कुठे होते?
- कारण शोधा : वरवरचं नाही, मुळातलं.
- सुधारा : छोटा बदल करून पाहा.
- टिकवा : बदल विरून जाऊ नये म्हणून कोणावर तरी सोपवा.

या पाच पायऱ्या पाठ करणं सोपं आहे. पण पहिल्याच पायरीवर "कोणाची अडचण?" हा प्रश्न आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच घसरतात. आमचाही तिथेच घसरला.

३. हितसंबंधी म्हणजे कोण?

आधी एक शब्दाची गोष्ट. बऱ्याच मराठी पुस्तिकांत 'स्टेकहोल्डर' या शब्दासाठी 'भागधारक' असं छापलेलं असतं. विद्यार्थ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेला माणूस, म्हणजे 'शेअरहोल्डर'. आपल्याला म्हणायचं आहे ते हितसंबंधी किंवा हितधारक. एखाद्या कामामुळे ज्याचं भलं किंवा नुकसान होतं, किंवा जो त्या कामावर परिणाम करू शकतो, तो हितसंबंधी. त्याने पैसे गुंतवलेले असोत वा नसोत. आर. एडवर्ड फ्रीमन या अमेरिकी प्राध्यापकाने १९८४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. कंपनीने फक्त भागधारकांचा विचार करून चालणार नाही, कामगार, ग्राहक, पुरवठादार, आसपासचा समाज या सगळ्यांचा विचार करायला हवा, असा त्याचा आशय होता. म्हणजे हे दोन शब्द एकच मानले तर सगळा मुद्दाच हरवतो.

आता घंटेकडे येऊ. दुसऱ्या वेळी आम्ही फळ्यावर मुलांच्या मदतीने यादी केली. प्रश्न एकच ठेवला, "शाळेची घंटा वीस मिनिटं पुढेमागे केली तर कोणाला फरक पडतो?" उत्तरं अशी आली :

- गाडीने येणारी मुलं
- चालत येणारी मुलं
- दहावीची मुलं आणि त्यांचे पालक
- शिक्षक (त्यातल्या दोघांची संध्याकाळची कणकवलीकडे जाणारी गाडी ठरलेली)
- शिपाई मामा (दार उघडायला आणि बंद करायला तेच)
- पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी
- गाडीचे चालक-वाहक आणि आगार
- शाळा व्यवस्थापन समिती
- घरातली आई किंवा आजी (सकाळचा डबा आणि सकाळची धार तिच्याच हातात)

शेवटची ओळ मुलांनी सुचवली. मला ती सुचलीच नसती.

या यादीतल्या प्रत्येकाकडे माहितीचा एक तुकडा होता. शिपाई मामांना विचारलं तेव्हा कळलं की चिठ्ठी मिळाल्यावर काही मुलं खरोखरच आधीची गाडी पकडून यायला लागली होती. ती गाडी साडेआठला तिठ्यावर येते. मुलं नऊच्या आत शाळेत, दार बंद, आणि पावसात ओसरीवर दीड तास बसून! मामांनी दोनदा त्यांना चहा दिला होता. "तुम्ही सांगितलं का नाही?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

आणि वाडीतल्या एका आईने सांगितलं, "सकाळची धार, भाकऱ्यो, धाकट्याचा सगळा. आठच्या गाडयेक चेडवाक कसा धाडू?" आमची चिठ्ठी किती बिनबुडाची होती हे तेव्हा कळलं.

४. चार चौकटी, आणि शाळेत त्या कशा उलट्या वाचाव्या

हितसंबंधींची यादी मोठी झाली की सगळ्यांकडे सारखं लक्ष देता येत नाही. त्यासाठी पुस्तकात चार चौकटींचा तक्ता असतो. एका बाजूला अधिकार (कमी/जास्त), दुसऱ्या बाजूला आस्था म्हणजे त्या कामात किती जीव अडकलेला आहे (कमी/जास्त).

- अधिकार जास्त, आस्था जास्त : यांना बरोबर घेऊनच चाला. (आमच्याकडे : मुख्याध्यापक, दहावीचे शिक्षक)
- अधिकार जास्त, आस्था कमी : यांना समाधानी ठेवा, उगाच तपशिलात ओढू नका. (संस्थाचालक, आगार)
- अधिकार कमी, आस्था जास्त : यांना माहिती देत राहा. (मुलं, आया, शिपाई, स्वयंपाकी मावशी)
- अधिकार कमी, आस्था कमी : फक्त लक्ष असू द्या.

आता तिसरी चौकट पुन्हा वाचा. मूल नेमकं त्या चौकटीत बसतं आणि पुस्तक म्हणतं, "माहिती देत राहा." कारखान्यात हे कदाचित चालत असेल. शाळेत ही चौकट जशीच्या तशी वापरली तर ज्याच्यासाठी शाळा आहे त्याला फक्त सूचना वाचून दाखवली जाते. आम्ही नेमकं तेच केलं होतं, परिपाठात नवी वेळ वाचून दाखवली होती. म्हणून शिक्षकांना माझं सांगणं असं, की तक्ता जरूर काढा, पण अधिकार कमी आणि आस्था जास्त अशा लोकांकडे सर्वांत आधी जा. त्रास त्यांना होतो, म्हणून खरं कारणही त्यांनाच माहीत असतं.

कायद्यानेही ही जाण दाखवली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. म्हणजे आस्था असलेल्यांच्या हाती थोडा अधिकारही द्यायचा, हा विचार त्यामागे आहे. फक्त समितीची बैठक कधी आणि कुठे होते हे पाहायला हवं. आमची बैठक जुलैमध्ये, सोमवारी दुपारी होती. ऐन लावणीचे दिवस. आया कशा येणार? कोरम कसाबसा भरला. पुढची बैठक आम्ही संध्याकाळी वाडीतल्या मंदिरात घेतली, तेव्हा बसायला जागा पुरेना.

५. गटात कोणाचं काम काय?

हितसंबंधी अनेक असतात, पण सगळ्यांचा मिळून गट होत नाही. काम करणारा गट लहान हवा, साधारण पाच ते सात जणांचा. आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. पुस्तकी नावांपेक्षा कामं समजून घेऊ.

प्रायोजक : ज्याच्या शब्दाने दार उघडतं. तो रोज काम करत नाही. पण परवानगी, थोडे पैसे, वेळ देतो आणि वरून विरोध आला तर पाठीशी उभा राहतो. आमच्याकडे मुख्याध्यापक सर.

प्रक्रियेचा मालक : प्रकल्प संपल्यावरही जो ते काम रोज सांभाळणार आहे. पुष्कळ जण प्रायोजक आणि मालक यांत गल्लत करतात. वेळापत्रक तयार करणारे शिक्षक हे आमच्या प्रक्रियेचे मालक. पहिल्या तिघांच्या समितीत ते नव्हतेच! मालकाशिवाय केलेली सुधारणा पाहुण्यासारखी असते, चार दिवस राहते आणि जाते.

गटप्रमुख : बैठका घेणं, कामं वाटणं, पुढे नेणं. सिक्स सिग्मात यांना 'ब्लॅक बेल्ट', 'ग्रीन बेल्ट' अशी ज्युदो-कराटेतली नावं आहेत. ब्लॅक बेल्ट सहसा पूर्ण वेळ हेच काम करतो, ग्रीन बेल्ट आपलं रोजचं काम सांभाळून करतो. आपण सगळे शिक्षक या हिशेबाने ग्रीन बेल्टच. हे काम माझ्याकडे आलं.

कामाचे जाणकार : जे ती गोष्ट रोज हाताने किंवा पायाने करतात. आमच्या गटात शिपाई मामा, गाडीने येणारी दोन मुलं आणि स्वयंपाकी मावशी.

मोजणारा : आकडे गोळा करणारा. हे काम आठवीच्या मुलांनी केलं. वेळ, अंतर, सरासरी हा त्यांचा गणिताचाच भाग होता.

वाटाड्या : ज्याला पद्धत माहीत आहे, पण त्या प्रश्नात त्याचं स्वतःचं काही अडकलेलं नाही. चर्चा तापली की तो ती रुळावर आणतो. शेजारच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी आमच्यासाठी दोनदा आले.

एक माणूस दोन कामं करू शकतो. पण एक काम कोणाचंच नाही, असं होता कामा नये. मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. तिथेही प्रत्येक गटाला एक मुकादम असतो. डब्यांची छाननी, गिऱ्हाइकाची तक्रार, गटातला वाद हे सगळं त्याच्याकडे येतं. डब्यावरच्या खुणा हुशारीच्या आहेतच, पण "हे बघणारा कोण?" याचं उत्तर तिथे प्रत्येकाला माहीत असतं, हीही मोठी गोष्ट आहे.

यासाठी एक सोपा तक्ता करता येतो. प्रत्येक कामापुढे चार रकाने : करणारा कोण, उत्तर देणारा कोण, विचारायचं कोणाला, कळवायचं कोणाला. उत्तर देणारा नेहमी एकच ठेवा. दोघं उत्तर देणारे असले की शेवटी कोणीच देत नाही.

६. घंटेचं पुढे काय झालं?

आठवीच्या मुलांनी दोन आठवडे, म्हणजे शाळेचे बारा दिवस, नोंद ठेवली. गाडी तिठ्यावर किती वाजता आली आणि मूल शाळेच्या दारात किती वाजता पोचलं. बारापैकी दहा दिवस गाडी १०.२० ला किंवा थोडी आधीच आली होती. तिठ्यापासून शाळेपर्यंत चालायला कोरड्या दिवशी वीस मिनिटं लागत होती. मोठ्या पावसात वहाळावरचा साकव पाण्याखाली जायचा, मग मुलं पुलावरून वळसा घालून यायची, तेव्हा अर्धा तास. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या भागात असे दिवस थोडे नसतात.

मग आम्ही पाच वेळा 'का?' विचारलं. टोयोटा कारखान्यातली ही जुनी पद्धत आहे.

- मुलं उशिरा का येतात? तिठ्यावरून चालत यायला वेळ लागतो म्हणून.
- तो वेळ का पुरत नाही? गाडी १०.२० ला येते आणि घंटाही १०.२० लाच होते म्हणून.
- घंटा १०.२० ला का? संध्याकाळी जादा तास बसावा म्हणून ती अलीकडे घेतली.
- तेव्हा गाडीची वेळ का पाहिली नाही? बैठकीत गाडीने येणारं कोणी नव्हतं म्हणून.
- का नव्हतं? अशा निर्णयाला कोणाला विचारायचं हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं म्हणून.

पाचव्या 'का'चं उत्तर आमच्याच दारात येऊन थांबलं. आगाराला पत्र लिहिलं असतं तर आम्ही आमचा दोष दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवला असता.

आता उपाय. सरळ उपाय म्हणजे घंटा परत जुन्या वेळेला न्यायची. पण दहावीचे पालक तयार नव्हते. त्यांची मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसणार होती, त्यांची काळजीही खरीच होती. हितसंबंधींमध्ये एक बरोबर आणि दुसरा चूक असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आम्ही मधला मार्ग काढला. परिपाठ १०.३५ ला आणि तो वीसऐवजी पंधरा मिनिटांचा. पहिला तास १०.५०. म्हणजे कोरड्या दिवशी गाडीची मुलं परिपाठाला पाचच मिनिटं उशिरा, आणि मोठ्या पावसातही पहिल्या तासाला हजर. शाळा सुटायची वेळ मात्र पुढे नेता येत नव्हती, शिक्षकांची आणि मुलांचीही परतीची गाडी होती. मग ही दहा मिनिटं आणायची कुठून?

मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीतून काढू. तेव्हा स्वयंपाकी मावशी बोलल्या, "बाई, हात धुवायला नळ तीन. लहान मुलं शेवटी बसतात. दहा मिनिटं काढलीत तर ती उपाशी उठतील." मावशी गटात नसत्या तर आम्ही एक चूक दुरुस्त करताना दुसरी केली असती, आणि तिचा त्रास पाचवीच्या मुलांना झाला असता.

शेवटी दहावीचा जादा तास चाळीस मिनिटांचा होता तो तीस मिनिटांचा केला आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास वाढवला. दहावीच्या पालकांशी दोन बैठका झाल्या, एक जरा गरमच झाली. पण बारा दिवसांचे आकडे समोर ठेवल्यावर सूर बदलला. पहिल्या तासाचं गणितही तिसऱ्या तासाला नेलं. आणि दारात उभं करणं बंद.

पुढच्या महिन्यात उशिराची वही जवळजवळ रिकामी राहिली. अगदी शून्य झाली असं नाही. एखादं मूल कधी उशिरा येणारच. ती नववीतली मुलगी पुन्हा रोज येऊ लागली आणि दहावी पास झाली. याचं श्रेय घंटेला द्यायचं की तिच्या आईला, की "लेकीक शिकवूचाच" म्हणून हटून बसलेल्या आजीला, हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या बाजूने घातलेला एक अडथळा आम्ही काढला, एवढं नक्की.

'टिकवा' या पायरीसाठी एक नियम लिहून ठेवला : शाळेची कोणतीही वेळ बदलताना वेळापत्रकाचे शिक्षक गाडीने येणारी दोन मुलं, शिपाई आणि स्वयंपाकी यांना विचारतील. चार ओळींचा कागद आहे. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलेला.

७. मोठ्या पातळीवरचं उदाहरण : आपला सिंधुदुर्ग

हे फक्त एका शाळेपुरतं नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षण करून ७५ जिल्ह्यांची पाहणी केली. सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा डोंगराळ जिल्ह्यांत हिमाचलचा मंडी आणि मैदानी जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग पहिला होता. (घाटाच्या कुशीत राहणाऱ्या वैभववाडीकरांना 'मैदानी' शब्दाचं हसू येईल, पण वर्गवारी तशी होती!)

या कामाकडे आजच्या पाठाच्या नजरेने पाहा. शौचालय बांधणं हे एकदाच होणारं काम. ते घरातल्या सगळ्यांनी रोज वापरणं ही प्रक्रिया. स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान होतं. पण अनुदानाने भिंती उभ्या राहतात, सवय लागत नाही. सवय लागायला घरातली सून, म्हातारे आजोबा, शाळेतलं मूल हे सगळे हितसंबंधी धरावे लागतात. पाणी कोण आणणार? खड्डा भरला तर उपसणार कोण? हे प्रश्न घरातल्या बाईचे असतात आणि बैठकीत बोलतात पुरुष.

भूमिका लावून पाहा. निधी आणि पाठबळ देणारं शासन व जिल्हा परिषद म्हणजे प्रायोजक. ग्रामपंचायत म्हणजे प्रक्रियेची मालक, कारण अभियान संपल्यावरही गाव तिलाच सांभाळायचं असतं. अंगणवाडी सेविका, आशाताई, गवंडी, शिक्षक हे कामाचे जाणकार. आणि मोजणारा बाहेरचा. ही पाहणी भारतीय गुणवत्ता परिषदेने केली होती. आपलं काम आपणच मोजलं तर गुण जरा सढळ हाताने पडतात, हे परीक्षेच्या पेपरांवरून आपल्याला ठाऊक आहेच.

महाराष्ट्राला ही वाट नवी नव्हती. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावाने श्रमदानाने, एकत्र येऊन गाव स्वच्छ करायचं आणि मग तपासणीला सामोरं जायचं, हीच रीत होती. ज्या गावांत सगळ्या वाड्या सामील झाल्या तिथे काम टिकलं. जिथे फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी झाडू फिरला तिथे काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

८. नेहमी होणाऱ्या चुका

१. उपाय आधी, अडचण नंतर. आमचं आगाराला लिहिलेलं पत्र आठवा.

२. सोयीची माणसं गटात घेणं. शिक्षकांच्या खोलीत बसलेले तिघं म्हणजे गट नव्हे.

३. विरोध करणाऱ्याला टाळणं. दहावीच्या पालकांना टाळलं असतं तर बदल आठवडाभरही टिकला नसता.

४. बैठकीची वेळ आणि जागा न पाहणं. लावणीच्या दिवसांत दुपारी बैठक म्हणजे आयांना "येऊ नका" असंच सांगणं.

५. मालक न नेमणं. उत्साही शिक्षकाची बदली झाली की उपक्रम बंद, हे चित्र यामुळेच दिसतं.

९. वर्गात करून पाहा

इयत्ता सातवीपासून पुढे हा उपक्रम छान होतो. दोन तासिका पुरतात. विषय : 'पोषण आहाराची रांग'.

- मुलांनी रांगेत उभं राहण्यापासून ताट धुण्यापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहाव्यात.
- "रांग लवकर सरकली किंवा अडली तर कोणाला फरक पडतो?" याची यादी करावी. किमान आठ नावं यायला हवीत. स्वयंपाकी-मदतनीस, धान्य पोचवणारा, चव पाहणारे शिक्षक, सर्वांत लहान वर्ग सुटता कामा नयेत.
- चार चौकटींत नावं भरावीत आणि अधिकार कमी, आस्था जास्त असलेल्या दोघांची प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी.
- पाच दिवस वेळ मोजावी.
- एकच छोटा बदल सुचवावा आणि त्यापुढे चार रकाने भरावेत : करणारा, उत्तर देणारा, विचारायचं, कळवायचं.

पालकांना हाच खेळ घरी करता येईल. "सकाळी सगळ्यांचं आवरायला उशीर होतो" ही प्रत्येक घरातली प्रक्रिया आहे. मुलांना मोजायला सांगा, यादी करायला सांगा. कदाचित असं निघेल की सगळ्यांचं वेळेवर व्हावं म्हणून एकच व्यक्ती पहाटे पाचला उठते, आणि तिला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

थोडक्यात : सुधारणा करायला निघालात की पहिल्या दिवशी दोन प्रश्न कागदावर लिहा. याचा त्रास कोणाला होतो? आणि काम संपल्यावर हे सांभाळणार कोण? दोन्ही उत्तरांतली माणसं बैठकीत आहेत का ते बघा. नसतील तर बैठक पुढे ढकला, त्यांना बोलवा, मग चहा मागवा.